दुसरी ठिणगी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी बोलून गेलेल्या वक्त्यांनी शिक्षण, आरोग्य, स्त्रियांची प्रगती अशा थोर विषयांवर आपले विचार मांडले. मी हायस्कुलात विज्ञान शिकवणारा एक साधा मास्तर. चिटणीससाहेबांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "मोटारीचे स्पार्क प्लग." त्यांना वाटले, मी थट्टा करतो आहे. मग म्हणाले, "मास्तर, महोत्सव संस्थेचा आहे, गॅरेजचा नव्हे." मी त्यांना विनंती केली, की मला अर्धा तास द्यावा; प्लगापासून निघून संस्थेपर्यंत पोचलो नाही तर पुन्हा व्यासपीठावर बोलावू नये. त्यांनी अर्धा तास दिला आहे, म्हणून प्रस्तावना इथेच पुरी करतो.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पेट्रोलवर चालणारी मोटार असेल. तिच्या इंजिनाला बहुधा तीन किंवा चार सिलिंडर असतात, आणि दर सिलिंडरास एक याप्रमाणे तितकेच प्लग. परंतु काही इंजिने अशी आहेत, की त्यांचे सिलिंडर चार आणि प्लग आठ. दर सिलिंडरात दोन ठिणग्या. एका ठिणगीने पेट्रोल पेटते हे सर्वांना ठाऊक आहे. मग दुसरी कशाला? आणि ती दुसरी विझून गेली तरी मालकाला त्याचा पत्ता का लागत नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे आज द्यावयाची आहेत.

माझे अब्बा मोटार-मेकॅनिक. ॲम्बॅसडर आणि फियाट या गाड्यांवर त्यांचा हात बसलेला. दोन्हींची इंजिने चार सिलिंडरांची आणि चार प्लगांची. शाळा सुटली, की मी त्यांच्याजवळ जाऊन पाने-पकडी हातात देण्याचे काम करीत असे. इंजिनाचे शास्त्र मी पुढे बी. एस्सी.ला पुस्तकातून शिकलो, पण त्याआधी अब्बांनी मला ते चार शब्दांत शिकवले होते : ओढ, दाब, भडका, धूर. दट्ट्या खाली जाताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो. वर येताना ते दाबतो. ठिणगी पडून भडका होतो आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना जळका धूर बाहेर लोटतो. या चार कामांसाठी इंजिनाचे दोन फेरे लागतात, म्हणजे दर दोन फेऱ्यांत एका सिलिंडरात एकच भडका. चार सिलिंडर पाळीपाळीने पेटतात. मोटारीत हा क्रम बहुधा १, ३, ४, २ असा असतो, आणि त्यामुळे दर अर्ध्या फेऱ्याला कोणी ना कोणी ढकलणारा हजर असतो.

आता थोडे गणित करू. मुलांनी पाटीवर मांडावे. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत आहे. म्हणजे सेकंदाला ५० फेरे. एका सिलिंडरात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे सेकंदाला २५. चार सिलिंडर मिळून सेकंदाला १०० ठिणग्या. प्लग आठ असतील तर २००. आणि एका फेऱ्याचे ३६० अंश धरले, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात इंजिन १८ अंश फिरून जाते. हा १८चा आकडा लक्षात ठेवावा. सगळी गोम त्यात आहे.

आपण म्हणतो 'भडका', पण सिलिंडरात पेट्रोल एकदम उडत नाही. ते जळत जाते. ठिणगीच्या जागी ज्योतीचा एक लहानसा गोळा तयार होतो, तो पसरत पसरत पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचतो. एवढ्याला सेकंदाचे दोन-तीन हजारांश लागतात. तेवढ्यात इंजिन चाळीस-पन्नास अंश फिरून गेलेले असते! म्हणून दट्ट्या अगदी वर पोचल्यावर ठिणगी दिली तर उशीर होतो. ज्योत पसरेपर्यंत दट्ट्या खाली निघून जातो, आणि जोर वाया जातो. ठिणगी थोडी आधीच द्यावी लागते, दट्ट्या अजून वर चढत असताना. यालाच गॅरेजमध्ये 'टायमिंग ॲडव्हान्स' म्हणतात. परंतु फार आधी दिली तर वर येणाऱ्या दट्ट्यालाच उलटा धक्का बसतो. म्हणजे आधी दिली तरी नुकसान, उशिरा दिली तरी नुकसान.

यावर एक उपाय असा, की जळण्यालाच लागणारा वेळ कमी करावा. घरी कागदाची लांब पट्टी घेऊन एका टोकाला पेटवा, मग तेवढीच दुसरी पट्टी दोन्ही टोकांना पेटवा. (हा प्रयोग आईच्या देखत करावा.) दुसरी पट्टी जवळजवळ निम्म्या वेळात संपते, कारण प्रत्येक ज्योतीला अर्धाच रस्ता चालावा लागतो. सिलिंडरात समोरासमोर दोन प्लग बसवले तर हेच घडते. दोन बाजूंनी दोन ज्योती निघतात आणि मध्ये भेटतात. ज्वलन लवकर आटोपते, म्हणून ठिणगी इतकी आधी देण्याची गरज राहत नाही आणि उलटा धक्का कमी होतो.

याचे आणखी दोन फायदे आहेत. ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले दाबलेले, तापलेले मिश्रण आपोआप पेटले, तर इंजिन 'ठोकू' लागते. भरलेली गाडी पुलावर चढवताना बोनेटखालून टकटक असा आवाज येतो, तो बहुतेक वेळा हाच. आपल्या कोयलीच्या रिफायनरीतून १९६५ सालापासून पेट्रोल निघते आहे. त्या पेट्रोलचा 'ऑक्टेन' अंक म्हणजे अशी ठोक किती सोसवेल याचेच माप. दोन ज्योती लवकर सगळीकडे पोचल्या, की कोपऱ्यातल्या मिश्रणाला आपोआप पेटण्यास सवडच उरत नाही. दुसरा फायदा असा, की पातळ मिश्रण, म्हणजे ज्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी आहे असे मिश्रण, एका ठिणगीने कधी पेटते कधी हुकते. दोन ठिणग्यांनी ते खात्रीने पेटते. म्हणून पेट्रोलची बचत होते.

परंतु दोन प्लगांची कल्पना सुचली ती बचतीसाठी नव्हे, भीतीपोटी. शंभर वर्षांमागे प्लग आणि विजेची यंत्रणा ही इंजिनाची सर्वांत बेभरवशाची अंगे होती. मोटार रस्त्यात बंद पडली तर बैल जोडून ओढता येते; विमान आकाशात बंद पडले तर काय जोडायचे? त्यामुळे विमानाच्या इंजिनास दुहेरी व्यवस्था देण्याची रीत पडली, आणि ती आजतागायत आहे. इथे हरणीच्या विमानतळावरून गुजरात फ्लाईंग क्लबच्या शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने आपण डोक्यावरून जाताना पाहिली आहेत. जगभर वैमानिक ज्यावर शिकले ते सेस्ना १५२ हे विमान घ्या. त्याचे लायकमिंग इंजिन चारच सिलिंडरांचे, पण प्रत्येक सिलिंडर १११ मिलिमीटर रुंद. एवढ्या रुंद सिलिंडरात ज्योतीला लांब चालावे लागते, म्हणून तिथे दुसरा प्लग दोन्ही कामे करतो : ज्वलनही सुधारतो आणि संकटात आधारही देतो.

आधार खरा व्हावा म्हणून त्याची जोडणी पाहण्यासारखी आहे. या प्लगांना बॅटरीची वीज लागत नाही. इंजिनाबरोबर फिरणारे 'मॅग्नेटो' नावाचे यंत्र ती वीज स्वतः उत्पन्न करते. आत एक लोहचुंबक फिरतो; त्याच्याजवळ जाड तारेचे थोडे वेढे आणि त्यांवर बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतला प्रवाह नेमक्या क्षणी तोडला, की बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो आणि प्लगाच्या टोकाशी ठिणगी उडते. विमानात असे मॅग्नेटो दोन असतात, डावा आणि उजवा. प्रत्येक सिलिंडरातल्या दोन प्लगांपैकी एकाची तार डाव्याकडून येते, दुसऱ्याची उजव्याकडून. एक मॅग्नेटो संपूर्ण बंद पडला तरी चारही सिलिंडर पेटत राहतात. विमानातली बॅटरी संपली, दिवे गेले, रेडिओ मुका झाला, तरी इंजिन चालू राहते.

या दुसऱ्या ठिणगीचा खरा अर्थ सांगणारी एक गोष्ट आपल्या देशाच्या इतिहासात आहे. १९२९ साली आगाखान यांनी, इंग्लंड ते हिंदुस्थान हा प्रवास कोणत्याही दिशेने एकट्याने विमान चालवून पुरा करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसास ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले. ॲस्पी इंजिनियर नावाचा अवघ्या सतरा वर्षांचा तरुण इंग्लंडहून कराचीकडे येत होता. दोघांचीही विमाने डी हॅविलँड मॉथ. चार सिलिंडरांचे इंजिन आणि आठ प्लग. इजिप्तमध्ये अबूकीर येथे टाटा उतरले तेव्हा ॲस्पी तिथे अडकून पडलेला त्यांना दिसला. त्याच्याजवळ चांगले प्लग उरले नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग आपल्या प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. दोघे दोन दिशांना निघाले, आणि ॲस्पीने थोडक्यात शर्यत जिंकली. पुढे हाच तरुण १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. आणि टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आपली पहिली हवाई टपाल आणली. ते पस मॉथ विमानही चार सिलिंडरांचेच होते.

या गोष्टीतून लोक औदार्याचा धडा घेतात, आणि तो घ्यावाच. मी विज्ञानाचा मास्तर, म्हणून मला तिच्यात आणखी एक धडा दिसतो. आठ प्लग असूनही तो तरुण प्लगासाठी थांबला. दुसरा प्लग म्हणजे पहिला बिघडलेला असताना उड्डाण करण्याची परवानगी नव्हे. हवेत असताना एक बिघडला, तर सुखरूप खाली उतरावे एवढ्यासाठी तो असतो. आधार हा घरी परत येण्यासाठी असतो, घरून निघण्यासाठी नव्हे.

मोटारींत या युक्तीचा उपयोग मधूनमधून होत आला. इटलीच्या अल्फा कारखान्याने १९१४ साली शर्यतीसाठी चार सिलिंडरांची जी गाडी तयार केली, तिला दुहेरी ठिणगी होती. पुढे १९८७ साली याच अल्फा रोमिओने 'ट्विन स्पार्क' या नावाने तिला बाजारात आणले. जपानच्या निसान कंपनीने १९८० च्या सुमारास धुरातली विषारी द्रव्ये कमी करण्यासाठी आठ प्लगांचे इंजिन काढले. त्यात जळका धूर थोडा परत आत सोडत असत. असे मंद मिश्रण पेटवायला एक ठिणगी पुरी पडत नसे. आपल्याकडे २००३ साली पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सर मोटारसायकलच्या एकुलत्या एक सिलिंडरास दोन प्लग दिले, ते आजच्या तरुणांना ठाऊक आहेच. त्याच साली भारतात आलेल्या नव्या होंडा सिटी मोटारीच्या दीड लिटरच्या इंजिनास चार सिलिंडर आणि आठ प्लग होते. चार पुढच्या अंगास, चार मागच्या अंगास, आणि प्रत्येक प्लगास स्वतंत्र कॉइल. इंजिनाचा वेग आणि भार पाहून दोन ठिणग्या कधी बरोबर, तर कधी किंचित मागेपुढे पाडण्याचे काम त्यातला संगणक करीत असे.

अशाच जातीची एक जुनी गाडी काही वर्षांपूर्वी मी विकत घेतली, आणि इथून माझी स्वतःची कहाणी सुरू होते.

गाडी चांगली चालत होती. लिटरला पंधरा किलोमीटर जात होती. दीड-दोन वर्षांत ती बारावर आली. मी म्हटले, गाडी म्हातारी झाली. पुलावर चढताना थोडी कण्हू लागली. मी म्हटले, माणसे जास्त बसली असतील. प्रत्येक सर्व्हिसला गॅरेजचे बिल येई, त्यात 'प्लग बदलले' असे लिहिलेले असे, आणि मी समाधानाने पैसे देई. एके दिवशी अम्मींना दवाखान्यात न्यायचे होते, म्हणून अब्बा पुढे बसले. पुलावर त्यांनी कान टवकारले. म्हणाले, "हे इंजिन पोटभर जेवत नाही." घरी आल्यावर त्यांनी बोनेट उघडायला लावले.

अब्बांची जुनी परीक्षा अशी होती : इंजिन चालू ठेवून एकेका प्लगाची तार क्षणभर काढायची आणि कान द्यायचा. आवाज बदलला तर तो सिलिंडर कामावर होता. आवाज बदलला नाही तर तो आधीपासूनच रजेवर होता. ॲम्बॅसडरवर ही परीक्षा कधी चुकली नाही. पण इथे एक गंमत झाली. मी पुढच्या बाजूचे एकेक कनेक्शन आळीपाळीने काढले, तेव्हा दोन सिलिंडरांवर आवाजात काहीच फरक पडला नाही आणि दोनांवर पडला. जुन्या नियमाने पाहता पहिले दोन सिलिंडर मेलेले ठरत होते. परंतु गाडी तर चारही सिलिंडरांवर चालत होती! अब्बा पायरीवर बसून राहिले. मग हसून म्हणाले, "इथे उलटे आहे. काढल्यावर काही झाले नाही, तिथे दुसरा भाऊ जिवंत आहे. काढल्यावर धाप लागली, तिथे दुसरा भाऊ केव्हाच मेला आहे."

मग इंजिन बंद करून आम्ही पुढची चारही कनेक्शने काढली आणि किल्ली फिरवली. गाडी मागच्या चारांवर सुरळीत चालायला हवी होती. ती थरथरली, खोकली आणि दोनच सिलिंडरांवर कशीबशी लंगडत राहिली. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीत जाऊ नये म्हणून लगेच बंद केली. मागच्या रांगेपर्यंत हात पोचवायला वायपर आणि काचेखालचा पत्रा काढावा लागतो. दोन तासांचे काम. ते काढल्यावर दिसले, की मागचे चारही प्लग गाडीच्या जन्मापासूनचे होते. टोके झिजून फट वाढलेली, आणि त्या ताणाने दोन कॉइली जळून गेलेल्या. गॅरेजवाल्याने दर वेळी हाताला सहज लागणारे पुढचे चार प्लग बदलले होते, आणि मीही कधी 'किती बदलले?' असे विचारले नव्हते. आठ प्लगांची गाडी मी किती महिने सहा प्लगांवर हाकीत होतो, देव जाणे. नवे प्लग आणि कॉइली बसवल्या, आणि गाडी पुन्हा पंधरावर गेली.

आता याचे मर्म पाहा. एकच प्लग असता, तर तो बिघडल्याच्या दिवशीच गाडीने मला थांबवून सांगितले असते. दुसरा होता म्हणून पहिल्याचे मरण झाकले गेले. जी सोय आपल्याला वाचवण्यासाठी केलेली असते, तीच बिघाड लपवते. गाडी बंद पडत नाही. फक्त थोडी मंदावते, थोडे जास्त पेट्रोल खाते. आणि आपण म्हणतो, म्हातारी झाली.

विमानवाल्यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. म्हणून त्यांचा एक नियम आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वी धावपट्टीच्या टोकाशी विमान उभे करून वैमानिक इंजिन एका ठरावीक वेगावर आणतो. सेस्ना १५२ मध्ये मिनिटाला १,७०० फेरे. त्याच्यासमोर किल्लीच्या खुणा असतात : बंद, उजवा, डावा, दोन्ही. तो 'दोन्ही'वरून 'उजवा' करतो. एकाच रांगेवर ज्वलन मंदावते, म्हणून वेग थोडा घटतो. पुन्हा 'दोन्ही', मग 'डावा'. पुन्हा थोडी घट. ही घट १२५ फेऱ्यांपेक्षा जास्त नसावी, आणि दोन्ही बाजूंच्या घटीत ५० पेक्षा जास्त फरक नसावा. त्यापेक्षा अधिक घट झाली, तर तो उडत नाही.

मुलांना मी वर्गात विचारतो, "समजा, घट मुळीच झाली नाही, तर?" सगळे ओरडतात, "तर उत्तमच!" नाही. घट मुळीच झाली नाही, तरी वैमानिक उडत नाही. मॅग्नेटो बंद करण्याची पद्धत अशी, की त्याची तार इंजिनाच्या धातूला जोडून वीज तिथेच जिरवतात. ती तार तुटली असेल, तर किल्ली कुठेही फिरवा, मॅग्नेटो चालूच राहतो. म्हणजे ज्याला आपण रजेवर पाठवले असे समजतो, तो रजेवर गेलेलाच नसतो, आणि आपली परीक्षा खोटी ठरते. शिवाय अशा विमानाचा पंखा कोणी सहज हाताने फिरवला, तर इंजिन एकदम पेटून त्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

आणखी एकच तांत्रिक गोष्ट सांगतो. १९७० नंतरच्या दशकात काही चार सिलिंडरी विमान-इंजिनांना असे मॅग्नेटो बसवले, की दोन्ही एकाच पेटीत आणि एकाच दांड्यावर फिरत. वजन वाचले, जागा वाचली. पण तो एक दांडा तुटला, की दोन्ही गेले. कागदावर दोन, प्रत्यक्षात एक. दोन घागरी एकाच दोरीला बांधून विहिरीत सोडल्या, तर दोर तुटल्यावर दोन्ही बुडतात.

अध्यक्षमहाराज, आता मी चिटणीससाहेबांना दिलेले वचन पाळतो आणि संस्थेकडे येतो.

आपल्या संस्थेची रुग्णवाहिका आहे. तिची एक किल्ली चालकाजवळ असते. दुसरी, अडीअडचणीस हवी म्हणून, विश्वस्तांनी पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या घरी ठेवायला दिली. दाराजवळच्या खिळ्यावर ती टांगलेली असे. येणाऱ्याजाणाऱ्याला मी अभिमानाने सांगत असे, की संस्थेची दुसरी किल्ली आमच्याकडे आहे. एका पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास मोहल्ल्यातला एक मुलगा धावत आला. त्याच्या आजोबांना श्वास घेता येत नव्हता. चालक लग्नासाठी छोटाउदेपूरला गेला होता. मी किल्ली घेऊन पावसात पळालो. किल्ली दारात शिरली, पण फिरेना. मी भिजत उभा राहून पाच मिनिटे ती किल्ली फिरवत होतो. मग माझ्या ध्यानात आले. दोन वर्षांपूर्वी संस्थेने जुनी गाडी देऊन नवी घेतली होती. माझ्या खिळ्यावर जुन्या गाडीची किल्ली होती.

आजोबांना रिक्षातून नेले. ते वाचले, ही ईश्वराची कृपा. पण त्या रात्री मला झोप आली नाही. दोष कोणाचा होता? चालक लग्नाला जाणारच. विश्वस्तांनी नवी किल्ली पाठवली नाही हे खरे, पण मी तरी दोन वर्षांत एकदा जाऊन दार उघडून पाहिले होते काय? संस्थेच्या फलकावर दोन किल्ल्या होत्या. प्रत्यक्षात एकच होती. आणि ती एक नीट चालत होती, म्हणूनच दुसरी मेलेली कोणाला कळली नाही. माझ्या गाडीचे मागचे प्लग आणि माझ्या खिळ्यावरची किल्ली, यांत मला काही अंतर दिसत नाही.

पन्नास वर्षे संस्था चालली, ती पुढच्या रांगेतल्या माणसांनी चालवली. त्यांना वंदन करावे तेवढे थोडे. परंतु मागच्या रांगेत आपण जी नावे लिहिली आहेत, उपखजिनदार, सहचिटणीस, दुसरा चालक, रक्तदात्यांच्या यादीतले दुसरे पान, त्यांची परीक्षा कधी घेतली आहे काय? माझी एक नम्र सूचना आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पहिली किल्ली कपाटात ठेवून दुसऱ्या किल्लीने, दुसऱ्या चालकाने रुग्णवाहिका हरणीपर्यंत नेऊन आणावी. वर्षातून एक महिना हिशेबाची वही उपखजिनदारांनी एकट्याने लिहावी. थोडे मंदावेल, दोन आकडे चुकतील, त्याला घाबरू नये. ती वैमानिकाच्या किल्लीसारखी अपेक्षित घट आहे. मात्र चिटणीससाहेब रजेवर गेले आणि कामात काहीच फरक पडला नाही, तर आनंद मानण्यापूर्वी एवढे पाहावे, की साहेब घरून फोनवर सगळे सांगत तर नव्हते ना! आणि दोन्ही अधिकारी एकाच घरातले, एकाच गाडीने गावाला जाणारे नसावेत. तो एकाच दांड्यावरचा जोड मॅग्नेटो होतो.

एवढे सांगून मी आपली रजा घेतो. अब्बा आज पहिल्या रांगेत बसले आहेत. या भाषणातले जे शास्त्र बरोबर असेल ते त्यांच्याकडून घेतलेले आहे, आणि जी चूक असेल ती माझी. नव्या किल्लीची एक प्रत मला गेल्या वर्षी मिळाली. ती आता खिळ्यावर नाही, माझ्या खिशात आहे, आणि इथे येण्यापूर्वी तिने दार उघडून पाहिले आहे. संस्थेच्या पुढच्या पन्नास वर्षांस माझ्या शुभेच्छा.